पाचवी पाटी

शलाका माझी सख्खी धाकटी बहीण. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर, त्यामुळे अर्धी बहीण आणि अर्धी लेक म्हणा. पुढे मी तिचं कौतुक करणार आहे. कुणी म्हणेल, भाऊ आहे म्हणून बोलतोय. तर हो, भाऊ आहे म्हणूनच बोलतोय. दुसरं कोण बोलणार?

मी मनोहर. शाळा नववीपर्यंत, त्यातलं शेवटचं वर्ष निम्मं मैदानावर गेलं. पण आमच्या इचलकरंजीच्या घरातला पहिला पासपोर्ट माझा. पहिलं विमान माझं. आधी मुंबई, मग दुबई, आणि २०१२ पासून इथं द हेगमध्ये एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर. माझी रोटी खाऊन वकिलातीतल्या साहेबांनी किचनमध्ये येऊन हात मिळवलाय. तेव्हा शिक्षण कमी म्हणून मला कुणी कमी समजू नये.

शलीला आकडे मी शिकवले. आमच्या गल्लीत कबड्डीचे सामने व्हायचे, मी कॅप्टन, आणि फळ्यावर गुण लिहायला ही. सहा वर्षांची होती तेव्हापासून. खडू मोठा, हात लहान, पण आकडा सहसा चुकायचा नाही. पुढे बी.एस्सी. केलं, गणितात. गावातल्या शाळेत चार वर्षं शिकवलं. दहावीची पोरं तिच्या तासाला हलायची नाहीत, हे मला त्या पोरांच्या बापांनी सांगितलंय.

मग प्रतीकरावांशी लग्न झालं. पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटरवाला, डेल्फ्टला नोकरी. ती २०१८ ला इथं आली, डिपेंडंट म्हणून. तो शब्द मला आवडला नाही. मी प्रतीकरावांना अर्थ विचारला, त्यांनी सांगितला, तेव्हा आणखीनच आवडला नाही. आमच्या घरात ही पोरगी कुणावर अवलंबून नव्हती.

इथं तिला गणित कुणी विचारलं नाही. आधी डच शिका म्हणाले. ती शिकली. मग इथला डिप्लोमा आणा म्हणाले. तेवढ्यात कोरोना आला आणि सगळंच बंद. घरात बेडरूम एकच. प्रतीकरावांच्या मीटिंगा सकाळी नऊला सुरू व्हायच्या, पाचला संपायच्या. शलीला मिक्सर लावायचा तरी आधी दारातून खुणेनं विचारायला लागायचं. मी फोन केला की हळू आवाजात बोलायची. मी म्हणायचो, "अगं मोठ्यानं बोल, मला भट्टीपुढं ऐकू येत नाही." ती म्हणायची, "दादा, आत मीटिंग आहे." दीड वर्ष माझ्या बहिणीचा आवाज मी असा ऐकला.

बाहेर काढलं तिला सलोनीनं. ही सलोनी पुण्याची, डेल्फ्टला इंजिनिअरिंगची मास्टर्स करायला आलेली, शलीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची आणि कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळायची. एकदा गणपतीचे मोदक न्यायला आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही गणिताच्या ना? आमच्या टेबलावर बसता का?"

टेबल म्हणजे असं. इथं मॅच ज्यांच्या मैदानावर, त्यांनीच हिशेबाची माणसं द्यायची. एक घड्याळावर, एक कागदावर. कुणी किती टाकले, कुणाचे फाऊल किती. फाऊल झाला की कागदावर फुली मारायची आणि नंबराची पाटी वर धरायची, म्हणजे सगळ्यांना दिसतं. एक, दोन, तीन, चार. पाचवी पाटी लाल. ती दाखवली की तो खेळाडू बाहेर, पुन्हा आत नाही. कंटाळवाणं काम, डच पोरी चुकवतात. शली हसत बसली. परीक्षा असते या कामाची, ती पण डचमध्ये. चाळीसपैकी अडतीस! मग क्लबानं कार्ड दिलं आणि निळं जॅकेट दिलं, पाठीवर शलाका असं नाव छापलेलं. प्रतीकची बायको असं नाही. या देशात तिचं नाव असलेली ती पहिली वस्तू. त्या जॅकेटचा फोटो मी रेस्टॉरंटातल्या फ्रीजवर चिकटवला होता.

आता त्या मॅचकडे येतो.

नोव्हेंबर २०२१. डेल्फ्ट विरुद्ध लायडन. ही दोन्ही कॉलेजं एकमेकांना पाण्यात बघतात. आदल्याच दिवशी सरकारनं टीव्हीवर सांगितलेलं, रविवारपासून संध्याकाळी पाचनंतर सगळं बंद. म्हणजे या पोरींची प्रॅक्टिस बंद, मॅचेस पुन्हा कधी ते कुणाला ठाऊक नाही. जो जिंकेल तो पुढचे कित्येक महिने मिरवणार. प्रेक्षकांना हॉलमध्ये सोडत नव्हते, म्हणून एका कोपऱ्यात मोबाइल लावून मॅच लाइव्ह दाखवत होते. सलोनीमुळे आपली सगळी मराठी मंडळी त्या टीमची फॅन झालेली. मी शलीमुळे.

शनिवारी दुपारी रेस्टॉरंटात गिऱ्हाईक नव्हतं. मी भट्टीच्या बाजूला फोन टेकवून मॅच बघत होतो. पडद्यावर टेबल दिसत होतं, शलीचं निळं जॅकेट दिसत होतं. मालकाला बोलावलं, दोन वेटर आले. म्हटलं, "वो देखो, मेरी बहन. पूरा मैच वही लिखती है."

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सांगायला मला जड जातंय.

शेवटची तीनेक मिनिटं राहिली होती. मला वाटलं, मालकाला दाखवावं की ही खरंच माझी बहीण आहे. मी तिला फोन लावला. हात हलव म्हणून सांगायचं होतं, एवढंच. टाइमआउट मोजायला तिचा फोन टेबलावरच असायचा, क्लबचं स्टॉपवॉच बिघडलेलं म्हणून. तिनं उचलला नाही. परत लावला. परत नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पडद्यावर दिसलं, ती खाली वाकली आणि फोन कागदांखाली सारला. नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. सलोनीचा फाऊल. शलीनं वाकूनच फुली मारली. पाटी वर केली नाही.

तो पाचवा होता.

खेळ चालू राहिला. दीड मिनिट कुणाला काही कळलं नाही. त्यात सलोनीनं लांबून तीन पॉइंटचा टाकला, डेल्फ्ट दोननं पुढं. आम्ही किचनमध्ये ओरडलो. चाळीस सेकंद राहिली असताना बॉल बाहेर गेला, खेळ थांबला, आणि शली उभी राहिली. भोंगा दाबला. हातात लाल पाटी. सलोनी बाहेर गेली. शेवटच्या सेकंदाला लायडनच्या एका उंच पोरीनं तीनचा टाकला. एकसष्ट-बासष्ट. संपलं.

मालक म्हणाला, "यह तेरी बहन ने क्या किया?" मी फोन उचलून खिशात टाकला. बटाटेवडे तळले, डबा भरला, संध्याकाळची सुट्टी मागितली आणि एक नंबरची ट्राम धरून डेल्फ्टला निघालो. सगळे मास्क लावून खिडकीबाहेर बघत बसलेले. मी पण बघत बसलो. 

शली अजून हॉलवरून यायची होती. घरी तिघं आधीच बसलेले. कोरोनामुळे तेव्हा घरात चारच पाहुणे चालायचे, चौथा मी. ॲमस्टेलव्हीनचे रवींद्र, मोठ्या कंपनीत मॅनेजर, अमेरिकेतलं बास्केटबॉल पहाटे उठून बघणारे. त्यांची बायको लतिकावहिनी. आणि सलोनीच्या वर्गातला गौरव, मांडीवर लॅपटॉप घेऊन. प्रतीकराव खुर्चीच्या कडेला बसलेले. टीव्हीवर मॅच परत लावलेली आणि एका ठिकाणी थांबवलेली. शली उभी, हातात लाल पाटी. तीन माणसं तिच्याकडं अशी बघत होती, जशी डॉक्टरं एक्स-रे बघतात.

"मॅच इथं गेली," रवींद्र म्हणाले. "बाकी सगळं सोडा."

"फ्री थ्रो बघा ना," गौरव म्हणाला. "वीसपैकी अकरा हुकलेत. त्यातले दोन पडले असते तरी आपण जिंकलो होतो."

"फ्री थ्रो प्रत्येक मॅचला हुकतात रे. टेबलवाली प्रत्येक मॅचला उठून उभी राहत नाही."

"आणि ती उंच मुलगी? तिला मोकळी कुणी सोडली?"

"सलोनी असती तर सोडली नसती. म्हणजे परत तिथंच आलो ना आपण?"

लतिकावहिनी म्हणाल्या, "मला तर पटतच नाही. आपलीच मुलगी, आपल्याच बाईनं बाहेर काढली."

मी डबा टेबलावर आपटला. "पाच झाले की बाहेर. नियम आहे का नाही?"

"नियम आहे हो मनोहरदादा," रवींद्र म्हणाले, शांतपणे, मीटिंगमध्ये बोलतात तसं. "पण लायडनच्या कोचला कळलं नव्हतं. रेफरीला कळलं नव्हतं. आणखी चाळीस सेकंद नसतं कळलं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"कागदावर होतं ना."

"मॅच संपल्यावर तो कागद कोण बघतं?"

"शली बघते," मी म्हटलं.

ते कुणाला पटलं नाही. गौरवनं वडा घेतला. रवींद्रनी रिमोट घेऊन दीड मिनिट मागं नेलं. परत सलोनीचा तीनचा पडला. परत शली उभी राहिली. असं चारदा झालं.

मला काय आठवत होतं सांगतो. बावीस वर्षांचा होतो मी. तालुक्याची कबड्डीची फायनल, आमच्याच गल्लीत. आम्ही एका गुणानं जिंकलो, खांद्यावर घेतलं मला. तेवढ्यात फळ्याजवळून ही अकरा वर्षांची पोरगी पंचांकडं गेली आणि म्हणाली, "एक गुण दोनदा लिहिला गेलाय. माझ्याकडून." गुण कापला, जादा डाव खेळवला, आम्ही हरलो. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. ती रोज माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसायची आणि मी तोंड फिरवून जेवायचो. आज ही शिकलेली माणसं जे करत होती, ते मी नववी शिकून तेव्हाच केलं होतं.

पाचच्या सुमाराला शली आली. रेनकोटातून पाणी गळत होतं. बूट काढता काढता आमच्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं. पडद्यावर स्वतःच उभी. तिनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"सगळे आलात? चहा ठेवते."

"बस गं, मी ठेवतो," प्रतीकराव म्हणाले. ती बसली नाही.

रवींद्र म्हणाले, "शलाका, राग मानू नकोस, एक विचारतो. फुली मारलीस, मग पाटी का नाही वर केलीस? तेव्हाच केली असतीस तर सलोनीचा तीनचा झालाच नसता, नंतर एवढा त्रासही झाला नसता. दीड मिनिट लक्ष कुठं होतं?"

शलीनं गॅस पेटवला. "होतं कुठंतरी. चुकलं माझं."

"कुठंतरी म्हणजे?" लतिकावहिनी.

"कुठंतरी म्हणजे कुठंतरी, वहिनी. साखर किती घालू?"

मग पाठ आमच्याकडं ठेवूनच म्हणाली, "कॅप्टन म्हणाली, क्लबची कमिटी बघेल काय करायचं ते. मी कशाला बघायला लावू? उद्या सकाळी साडेनऊला ती लोकं हॉलवर आहेत, बंद करायच्या आधी सामान मोजायला. कार्ड नि जॅकेट देऊन येते."

तिनं जॅकेट काढलं. घडी घातली, नाव आत जाईल अशी, आणि कापडी पिशवीत ठेवलं. पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली.

माझ्या तोंडात वडा होता. तो तसाच गिळला. टीव्ही बंद केल्यापासून तिनं माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर मी उगाच खोकलो असतो, पाणी मागितलं असतं. ती माझं नाव घेणार नव्हती. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, मालकाची नाही, पोलिसाची नाही. चार लोकांत तर नाहीच.

"लक्ष माझ्याकडं होतं," मी म्हटलं. "मी फोन करत होतो. तीनदा."

"दादा, तुला कुणी विचारलं का?" शली झटक्यात वळली.

"मॅचच्या मधे?" रवींद्र म्हणाले. "कशाला?"

"हात हलव म्हणायला."

कुणी हसलं नाही. पातेल्यातला चहा वर आला, प्रतीकरावांनी गॅस बारीक केला. मग लतिकावहिनी हळूच म्हणाल्या, "एक मी पण केला होता. सुरुवातीला. म्हटलं, दिसतेस छान, सांगावं."

रवींद्रनी बायकोकडं बघितलं. "तू?"

"तुम्ही तर मेसेज करत होतात तिला, किती टाइमआउट उरलेत म्हणून. मला दिसत नव्हतं का?"

गौरव लॅपटॉपमध्ये बघत म्हणाला, "मी स्क्रीनशॉट पाठवला होता. ताईचा. एकच."

"आणि आईचे दोन फोन," शली म्हणाली. "इचलकरंजीहून. स्वेटर घातलाय का विचारायला." तिनं कपात चहा ओतला. "पण फोन माझा होता. टेबलावर मी ठेवला होता, बंद मी केला नव्हता. तुम्ही काय, तुम्ही बघायला बसला होतात. मी कामाला बसले होते."

पुढं मॅचवर कुणी बोललं नाही.  वडे संपले, मंडळी छत्र्या घेऊन उठली. दारात रवींद्र म्हणाले, "देऊन टाकूच नकोस असं म्हणत नाही, पण विचार कर." ती म्हणाली, "केलाय." पिशवी खुंटीवरच होती. मी सोफ्यावर आडवा झालो. मी बोललो त्यानं काहीच बदललं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त त्याचाच थकवा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला बेल वाजली.

दारात सलोनी. गुडघ्याला पट्टी, डोळे सुजलेले, हातात सायकलची किल्ली. आत यायला तयार नव्हती.

"ताई, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पाचवा आहे ते. मी स्वतः मोजत होते. शिट्टी वाजली तेव्हा मी टेबलाकडे बघितलं. तुम्ही वाकलेल्या होतात, पाटी आली नाही. मी खेळत राहिले. तो थ्री मारला तेव्हा मी बाहेर असायला हवं होतं." तिनं नाक पुसलं. "काल सगळे तुम्हाला बोलले, आणि मी शॉवरमध्ये गप्प उभी राहिले."

शली चौकटीला हात लावून उभी राहिली.

"मी कमिटीला सांगायला चाललेय," सलोनी म्हणाली. "पण एकटीनं जमेल असं वाटत नाही. तुम्ही येता?"

मला वाटलं, शली तिला जवळ घेईल. तसं काही केलं नाही. तिनं विचारलं, "शिट्टी वाजली तेव्हा घड्याळात किती मिनिटं उरली होती? दोन दहा की दोन बारा?"

"दोन बारा," सलोनी म्हणाली.

"मी दोन दहा लिहिलंय. ते पण सांगायला पाहिजे."

तिनं खुंटीवरची पिशवी काढली. जॅकेट बाहेर काढलं, झटकलं, आणि अंगात घातलं. चेन वरपर्यंत ओढली. मग खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. कुणाचा आला तर उचल."

खिडकीतून मी बघत राहिलो. ओल्या रस्त्यावर दोन सायकली, एकीच्या पाठीवर तिचं नाव. वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या.

साडेनऊला फोन वाजला. आईचा.

"शली कुठाय?"

"कामात आहे," मी म्हटलं.

"कसलं काम? आज रविवार ना तुमचा?"

"टेबलाचं काम आहे आई. झालं की करेल ती फोन. तू आता करू नकोस."